नाक्यावरचा जागीरदार

"पाहुणे येत नसतात. वास्तू त्यांना बोलावून घेते."

हे वाक्य तो प्रत्येक येणाऱ्याला ऐकवायचा. ऐकवताना उजवा तळहात भिंतीवर ठेवून डोळे मिटायचा. मला त्या वास्तूनं बोलावलेलं नव्हतं. आमच्या कंपनीच्या ऑफिसातल्या एका कंटाळलेल्या माणसानं माझी सोय तिथं करून टाकली होती, कारण मांजरसुंब्याच्या लॉजमध्ये रात्रभर ट्रकांचे हॉर्न वाजतात अशी माझ्या आधीच्या इंजिनिअरनं तक्रार केलेली. पठारावरच्या पवनचक्क्यांची देखभाल हे माझं काम. राहायला जवळपास दुसरी धड जागा नव्हती, आणि पावसाळा-उन्हाळ्यात याच्याकडे चिटपाखरू फिरकत नसे. म्हणून त्यानं एक खोली महिन्याच्या बोलीनं आम्हाला दिली. मोठ्या उपकाराच्या चेहऱ्यानं दिली.

त्याला मालक म्हटलेलं चालत नसे. 'यजमान' म्हणायचं. हॉटेल म्हणायचं नाही, 'दौलतखाना' म्हणायचं. टॉवेलला अंगपुसणं, रूमला दालन, मेनूला भोजनसूची. एकदा मी घाईत "चार्जिंगला प्लग कुठंय?" असं विचारलं, तर चेहऱ्यावर अशी वेदना आली की जणू मी त्याच्या आईला काही बोलले. मग त्यानं भिंतीतली एक लाकडी फळी सरकवून दाखवली. प्लग तिच्या आत. दिव्यांची बटणंही तशाच फळ्यांमागे लपवलेली. नवा पाहुणा आला की संध्याकाळी अंधार पडताना भिंती चाचपत फिरायचा, आणि हा ओसरीवर उभा राहून कौतुकानं बघायचा. म्हणायचा, "वास्तूशी ओळख होतेय त्यांची."

घर मात्र खरोखर चांगलं होतं, हे सांगायला हवं. काळ्या दगडाचं, दुमजली, समोर पाच कमानींची ओसरी, आत सागवानी तुळया. निजामाच्या राज्यात ते करोडगिरीचं नाकं होतं, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची कचेरी, आणि वर नाकेदाराची राहायची जागा. निजाम गेल्यावर तिथं काही वर्षं शाळा भरली, मग बियाण्याचं गोदाम झालं, मग नुसत्या पाकोळ्या. आजूबाजूच्या गावांतलं शेंबडं पोरही त्याला 'नाका'च म्हणायचं. जीपवाला मला पहिल्यांदा सोडायला आला तेव्हा म्हणाला होता, "नाक्यावर उतरायचं ना, मॅडम?"

आता जकातीच्या कचेरीत कोण पैसे देऊन झोपणार? म्हणून यानं एक जागीरदार तयार केला. जागीरदार शिकारीचा शौकीन. जागीरदार कवी. जागीरदाराची एक राणी, ती गच्चीवर बसून चंद्र बघायची. ज्या खोलीत मी राहत होते तिचं नाव 'राणीमहाल'. गच्चीचा जिना अर्थातच यानंच नवा बांधलेला. त्याच्या आधी राणी शिडी लावून चढत असली तर माहीत नाही. ओसरीवरून आत गेलं की जागीरदाराचं मोठं तैलचित्र होतं. ते यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं. एकदा मुंबईच्या एक वयस्क बाई आल्या, चित्रासमोर थांबल्या, टोपी नीट बघितली आणि म्हणाल्या, "अहो, हे तर पारशी गृहस्थ आहेत."

याची पापणी लवली नाही. "जागीरदारांना पारशी पोशाखाची फार आवड होती."

हे त्याचं खरं कसब. त्याला कुठंही पकडा, तो अडकायचा नाही. तुम्ही दाखवलेली चूक तो तुमच्याच हातातून घ्यायचा, पुसायचा आणि भिंतीवर टांगायचा.

जुन्या घराचा जीर्णोद्धार केल्याचं तो सांगायचा. केला काय, तर भिंतींवरचा मूळचा चुन्याचा गिलावा, जो शंभर वर्षं हूं की चूं न करता टिकला होता, तो छिन्नीनं खरवडून काढला. का, तर दगड दिसला पाहिजे. दगड दिसला खरा. पण तेव्हापासून सांध्यांमधून बारीक वाळू झरायला लागली ती थांबेना. माझ्या उशीवर वाळू, केसांत वाळू, चहात वाळू. मी दाखवलं तर म्हणाला, "ताई, काळ झरतोय. बाकी ठिकाणी तो नुसता जातो. इथं तो हाताला लागतो."

हाताला लागत होता, आणि दातांनाही.

तो काही कुठला संस्थानिक नव्हता. केजला त्याच्या वडिलांचं खताचं दुकान. तिथं त्याचं बालपण युरियाच्या पोत्यांवर बसून गेलं. नंतर पुण्यात जाहिरातींच्या धंद्यात काही वर्षं काढली, आणि तिथून जी भाषा घेऊन आला ती अंगरख्यासारखी सदैव घालून बसला. आपल्याकडची बोली कानावर पडली की तो आक्रसायचा. स्वयंपाकाच्या बाई "भाकर टाकू का वो?" असं पाहुण्यांसमोर म्हणाल्या की हा त्यांना आत नेऊन "'वाढू का' म्हणा, मावशी, 'वाढू का'" असं शिकवायचा. मात्र पाहुणे पुण्याचे असले आणि 'ग्रामीण अनुभव' मागायला लागले, की त्याच मावशींना बाहेर बोलावून "मावशी, जरा तुमच्या भाषेत बोला" असं फर्मान निघायचं. मावशी बिचाऱ्या पदराला हात पुसत उभ्या. आता नेमकी कोणती आपली भाषा, याचा हिशेब त्यांना लागायचा नाही.

संध्याकाळच्या देखाव्यासाठी त्यानं मेंढरं लावली होती. खरंच लावली होती. शेजारच्या वस्तीवरच्या बिरूमामांशी बोली ठरली होती की सूर्य मावळायच्या वेळी त्यांनी आपला कळप कमानींसमोरून न्यायचा, सावकाश, म्हणजे पाहुण्यांना फोटो घेता येतील. बिरूमामा धनगर, वय साठीच्या पुढं, मिशा पिळदार, आणि या सगळ्या प्रकाराची त्यांना अपार मौज वाटायची. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्यो लई येडा हाय बगा. मला म्हनतो, मामा, जरा दमानं चाला. आता मेंढराला दम काय सांगू? म्हनतो, काठी खांद्यावर आडवी धरा. म्हनलं, कावून? तर म्हनतो, फोटूत बरं दिसतं." मग काठी खांद्यावर आडवी धरून मला दाखवली आणि खो खो हसले. मेंढरं मात्र त्या दमाला पक्की होती. सावकाश चालायचं म्हणून ती बागेपाशी रेंगाळायची आणि त्यानं पुण्याच्या नर्सरीतून आणलेली फुलझाडं बुडापासून साफ करून पुढं जायची.

माझ्या चक्क्या हे त्याच्या आयुष्यातलं मोठं दुःख. ओसरीवर बसलं की समोरच्या पठारावर रांगेनं उभ्या दिसायच्या. त्यांच्यामुळे जागीरदाराचा काळ मोडायचा. एकदा कुठल्या तरी मासिकाचे लोक फोटो काढायला येणार होते. आदल्या दिवशी हा माझ्याकडे आला, हात जोडले, आणि म्हणाला, "ताई, एक विनंती. त्या उद्या तासभर थांबवता येतील?"

"थांबवता येतात. थांबवणार नाही."

"फिरताना त्या फारच आधुनिक दिसतात हो. थांबल्या तर किमान... खांब वाटतील."

"तीन पात्यांचे?"

तो गंभीरपणे विचार करत गेला. दुसऱ्या दिवशी फोटो काढणाऱ्यांना मी त्याला सांगताना ऐकलं, की जागीरदारांचं स्वप्न होतं, या पठारावरचा वारा कामाला लावायचा.

आल्या आल्या त्यानं माझं आडनाव विचारून घेतलं होतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही, आणि ज्यांना कळून घ्यायचं असतं त्यांना त्याचा भारी त्रास होतो.

"म्हणजे देशमुखांपैकी?"

"नाही."

"मग पाटील?"

"नाही."

"इनामदार असाल."

"नाही."

इथं तो थांबला. याच्या खालची पायरी विचारण्याइतका तो असभ्य नव्हता. त्यानं आपल्या मनानंच मला कुठल्या तरी बऱ्या पायरीवर बसवलं, आणि तेव्हापासून "तुमच्यासारख्या घरंदाज माणसांना कळतं हे" असं तो अधूनमधून म्हणायला लागला. मी दुरुस्त केलं नाही. मला पगार पवनचक्क्यांचा मिळत होता, त्याच्या शिकवणीचा नाही.

फाटकावर माणूस होता सिद्धार्थभाऊ. पंचेचाळिशीचे, उंच, कमी बोलणारे. चाकणला एका कारखान्यात सिक्युरिटीला होते. वडिलांना अर्धांगवायू झाला तशी नोकरी सोडून गावी आले. गाव इथून चालत जाण्याइतकं जवळ, दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन वडिलांना जेवू घालून परत येता यायचं, म्हणून फाटकाची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी आमचा जय भीम झाला. मोठ्यानं नाही, जीपमधून उतरताना त्यांच्या मोबाइलच्या कव्हरवरचं निळं चित्र मी बघितलं, माझं बघणं त्यांनी बघितलं, आणि दोघं हळूच म्हणालो. पुढं रोजचंच झालं.

यजमानांना 'सिद्धार्थ' हे नाव खटकायचं. "जागीरदारांच्या काळात असलं नाव पहारेकऱ्याचं असणार नाही हो." तो पाहुण्यांसमोर त्यांना 'सिद्या' म्हणायचा. मी एकदा टोकलं तर म्हणाला, "मी कुठं म्हणतो? जागीरदार म्हणतात."

या माणसाचं सगळं असंच. वाईट ते जागीरदाराचं, बिल तेवढं याचं.

मग हिवाळ्यात पुण्याहून मोठी मंडळी यायची ठरली. जुन्या वास्तू बघत फिरणाऱ्यांचा गट, पूर्ण दौलतखाना भरणार. हा आठवडाभर आधीपासून हवेत. तेलकट दिवे घासले, पिठलं-भाकरीचं नाव 'जागीरदारी थाळी' होतंच, तिला केळीची पानं आली. आमच्या बाजूला केळी कुठली? बीडच्या बाजारातून पानं आणली. आणि एका रविवारी दुपारी, मला सुट्टी होती, मी ओसरीवर चहा घेत बसले होते, तेव्हा त्यानं अंगणात स्वागताची तालीम लावली.

सिद्धार्थभाऊंना धोतर नेसवलं होतं. डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. हा त्यांच्यासमोर उभा राहून सांगत होता, "गाडी थांबली की पुढं यायचं, पण अंतर ठेवून. कंबरेत वाकायचं. हात जमिनीकडे, मग कपाळाकडे. आणि म्हणायचं, 'जोहार, मायबाप.'"

माझा कप हातातच राहिला.

जोहार म्हणजे आमच्या माणसांनी गावातल्या मोठ्या जातीच्या माणसाला लांबून, वाकून घालायचा नमस्कार. रामराम आमच्या तोंडी चालत नसे. युसूफ वडगाव माझं आजोळ. छप्पन साली तिथल्या आमच्या वस्तीनं धम्म घेतला तसा हा शब्दही टाकला. आजीच्या तोंडून मी तो एकदाच ऐकला, तोही मी खोदून विचारलं म्हणून. सांगून झालं आणि ती उठली, मोरीत जाऊन चूळ भरून आली.

"हे कशाला?" मी ओसरीवरूनच विचारलं.

"तुम्हीच बघा, ताई, किती उठून दिसतं! मूळ संबोधन आहे. सगळा अभ्यास केलाय मी."

"ते म्हणायला लावू नका त्यांना."

"अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" तो प्रेमानं हसला. "तुम्ही थोड्याच त्यांच्यातल्या..."

"त्यांच्यातलीच आहे मी."

सिद्धार्थभाऊंनी काठी हलवली नाही तरी घुंगरू एकदा वाजलं. याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली, माझ्या हातातल्या कपावर थांबली, तिथून बाजूच्या बैठकीवर गेली आणि मग पुन्हा वर आली. त्या एका फेरीत काय काय मोजून झालं ते मला पूर्ण वाचता आलं. मला वाटलं, आता हा माणूस शरमेल. निदान गडबडेल.

त्याचा चेहरा उजळला. "वा! मग तर तुम्हीच सांगा ना, ताई. जोहार म्हणताना दुसरा हात नेमका कुठं असतो?"

मी आयुष्यात बरीच माणसं बघितली आहेत. तोंडावर अपमान करणारी, पाठीमागं करणारी, करून विसरणारी. पण अपमान करून वर माहिती विचारणारा हा एकच.

"हे झालं तर मी इथं राहणार नाही," मी म्हणाले.

"पण ताई," तो खरोखर बुचकळ्यात पडला होता, "करार तर कंपनीशी आहे."

मी खोलीत गेले, बॅग काढली, कपडे भरायला घेतले. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. सिद्धार्थभाऊ होते. धोतर-मुंडासं उतरवून आपल्या पँट-शर्टात आलेले.

"मॅडम, तुमी जाऊ नका. आन आता त्याला काई बोलू पन नका."

"तुम्ही म्हणणार आहात ते?"

"तोंड माझं हाय ना? मग काय म्हनायचं ते म्या बघतो."

"नोकरी जाईल म्हणून काही..."

"नोकरी हायेच जायला." ते जरासे हसले. "सकाळीच सांगितलं व्हतं ह्यानं मला. जेवायला घरी गेलो तवा दादाला सांगितलं म्या, आसं आसं म्हनायला लावायलाय म्हनून. जीभ जड झालीय त्याची, बोलता येत न्हाई. नुसता बगत राह्यला माझ्याकडं. भाकरीचा घास तोंडात घीना." दादा म्हणजे त्यांचे वडील. "तुमी फक्त त्या दिवशी हितं थांबा. बास."

मी थांबले.

पुण्याची बस आली तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. बिरूमामा मेंढरं घेऊन कमानींसमोर तयार, काठी खांद्यावर आडवी. पठारावर माझ्या चक्क्या जोरात फिरत होत्या. वारा चांगला होता. यजमान पायरीवर रेशमी अंगरख्यात. बसमधून माणसं उतरली, बहुतेक पन्नाशी-साठीची, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. यानं हात वर करून खूण केली. फाटकाजवळून सिद्धार्थभाऊ निघाले. धोतर, मुंडासं, घोंगडी, सगळं त्यानं सांगितल्याप्रमाणे. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते.

ते चालत आले. अंतर ठेवायचं होतं तिथं थांबले नाहीत. सरळ मंडळींच्या पुढ्यात आले, खांद्यावरची घोंगडी काढली, नीट घडी घातली आणि यजमानांच्या हातात दिली. मुंडासं काढून त्या घडीवर ठेवलं. मग मंडळींकडे वळून, ताठ मानेनं, स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणाले,

"जय भीम. या आत. पायरी उंच हाय, बगून या."

मेंढरं बागेत घुसली. मग मंडळींमधल्या एक बाई, पांढऱ्या केसांच्या, पुढं आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "जय भीम, दादा." त्यांच्या मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले. मग उरलेले म्हणाले, काही मनापासून, काही इकडं-तिकडं बघत, कार्यक्रमात असतं तसं आपणही म्हणावं म्हणून. एका गृहस्थानं कॅमेरा खाली घेऊन यजमानांना विचारलं, "हे इथलं पारंपरिक स्वागत आहे का?"

मी याच्याकडे बघत होते. हातात घोंगडी, घोंगडीवर मुंडासं, चेहरा राखेसारखा. एक क्षण मला खात्री होती, की आता हा पकडला गेला. मग त्यानं श्वास घेतला.

"हो, हो," तो म्हणाला. "छप्पन सालापासूनचं."

सिद्धार्थभाऊंना त्यानं कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर मी त्याला निदान शत्रू तरी मानलं असतं. दुसऱ्या दिवशी, मंडळी खूश होऊन गेल्यावर, तो त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, की हे फार छान जमलं, आता प्रत्येक वेळी असंच करायचं. फक्त मुंडासं काढताना थोडं सावकाश. आणि जय भीम म्हणण्याआधी काठीची घुंगरं एकदा वाजवली तर?

मी जीपची वाट बघत फाटकापाशीच होते. सिद्धार्थभाऊंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"सायेब, त्ये पावण्यांसाठी न्हवतं. तुमाला म्हनलं व्हतं म्या. तुमीच तेवढं उत्तर दिलं न्हाई."

आणि ते गेले. पगाराचं बघायलासुद्धा थांबले नाहीत. ते त्यांच्या भावानं नंतर येऊन नेलं. काही आठवड्यांनी मला ते मांजरसुंब्याच्या एका ढाब्याच्या गल्ल्यावर दिसले. दादा बरे आहेत म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन सगळं सांगितलं तर दादांनी दोन भाकरी खाल्ल्या म्हणाले.

इकडे फाटकावर माणूस मिळेना. तालमीची गोष्ट स्वयंपाकाच्या मावशींनी आजूबाजूच्या गावांत पोचवली होती, आणि कुठल्याच जातीचा माणूस त्या घोंगडीला हात लावायला तयार नव्हता. यजमानांनी शेवटी बिरूमामांना गळ घातली. मामा मला सांगत होते, "म्हनला, मामा, नुसतं वाका. म्हनलं, मी माझ्या देवाम्होरं वाकतो, आन मेंढराची खुरी बगाया वाकतो. तू दोन्हीत कुटं बसतोस सांग बे." मामा हसत हसत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून मेंढरंही आणायचे बंद झाले. तसं बागेत खायलाही काही उरलं नव्हतं.

माझी बदली धुळ्याकडच्या चक्क्यांवर झाली. जायच्या दिवशी दुपारी मी सामान ओसरीवर आणून जीपची वाट बघत होते. त्याच दिवशी लातूरकडून बँकेतली निवृत्त मंडळी येणार होती. यजमान सकाळपासून दिसला नव्हता. मग त्याच्या खोलीचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी बघतच राहिले.

"कुणीच तयार नाही, ताई," तो म्हणाला. "म्हटलं, आज आपणच. आधी पहारेकरी, मग मुंडासं काढून सांगायचं, मीच यजमान. नाट्यमय होईल."

"म्हणणार काय?"

त्यानं थोडा विचार केला. "मुजरा करेन नुसता. शब्द नको."

शब्दांची त्याला भीती वाटायला लागली होती, एवढं तरी झालं.

गाडी आली. मंडळी उतरली, थकलेली, घामेजलेली. हा पुढं गेला, कंबरेत वाकला, हात जमिनीकडे, मग कपाळाकडे. तो सरळ व्हायच्या आत एका जाड्या गृहस्थानं त्याच्या हातात सुटकेस दिली. दुसऱ्यानं दुसऱ्या हातात. एका बाईंनी पाण्याची पिशवी काखेत सरकवली.

"वर घे हे. आन मालकाला बोलव."

"मीच," तो म्हणाला, "मीच यजमान आहे आपला."

"हो का?" जाडे गृहस्थ हसले. "बोलतोस तर छान. चल, पटपट. मालकाला सांग, लातूरचे लोक आले."

"अहो, खरंच मी... हे दालन... ही वास्तू..." मुंडासं काढायला हात मोकळा नव्हता. त्यानं ओसरीकडे बघितलं. "ताई, सांगा ना यांना!"

मी सांगितलं. खोटं बोलायचं मला काही कारण नव्हतं. "हेच मालक आहेत."

सगळे खदखदून हसले. "वा! म्हणजे तुम्ही पण यांच्यातल्याच!" बाई म्हणाल्या. "मोबाइलवर लिहिलंच होतं, इथं इतिहास जिवंत होतो म्हणून."

तेव्हा तो फुटला. सुटकेसा खाली आदळल्या, आणि पुण्याची सगळी भाषा त्या धुळीत पडली. "आवो म्या मालक हाय! म्या! ह्ये समदं माजं हाय, माज्या बापाच्या पैशानं घेतलंय म्या! कावून हसायलात तुमी? म्या काय गडी दिसायलो का तुमाला?"

त्याचा आवाज चिरकला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खरं बोलणं.

मग जाड्या गृहस्थांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. "क्या बात है!" कोणीतरी म्हणालं. बाईंनी घाईनं पर्समधून मोबाइल काढला, त्याच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "परत एकदा म्हणा ना, प्लीज. मला घेता नाही आलं."

माझी जीप फाटकात येऊन उभी होती. मी बॅग उचलली. तो त्या टाळ्या ऐकत उभा होता, छाती अजून वरखाली होत होती. त्यानं मंडळींकडे बघितलं, मग मोबाइलकडे. मग घोंगडी खांद्यावर सारखी केली, मुंडासं सरळ केलं, आणि पुन्हा म्हणाला.